विंडोज ७ आणि नेटवर्कवरचा प्रिंटर

विंडोज ७चा जुना संगणक धडधाकट असेल, तर केवळ नव्या प्रिंटरपायी तो मोडीत काढू नका. आधी प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घ्या. त्यावर आयपी पत्ता असतो. मग संगणकावर ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’मध्ये जाऊन ‘अ‍ॅड अ प्रिंटर’ निवडा.

गफलत होते ती इथे. प्रिंटर नेटवर्कवर असला, तरी पर्याय ‘लोकल प्रिंटर’चाच घ्यायचा, कारण छपाईचे काम दुसऱ्या संगणकामार्फत न जाता थेट प्रिंटरकडे जाणार असते. पुढे नवे पोर्ट तयार करताना ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून तो पत्ता टाका. ड्रायव्हर ३२ बिटचा हवा की ६४, हे तपासून मगच घ्या.

राउटरने प्रिंटरला वेगळा पत्ता दिला की छपाई अचानक बंद पडते आणि लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवाच.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० नंतर थांबवले. तेव्हा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणा आणि हा संगणक शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवा.