11 पैशांची पुडी

1971 सालचा पावसाळा. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आलेले. सीमेलगतच्या बनगावला कॉलऱ्याची साथ, रुग्णालयाच्या जमिनीवर खेटून पडलेली माणसं. सुई लावायची तर जुलाब-उलट्यांतच गुडघे टेकावे लागत. त्यात सलाइन संपत आलं. शंभरातले तीस रुग्ण दगावत होते.

डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा 36 वर्षांचे होते. त्यांनी कलकत्त्यात पुड्या भरून घेतल्या: 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. लिटरभर पाण्याला एक पुडी, खर्च 11 पैसे. पाजायला नर्स नव्हत्या. ते नातेवाइकांनी केलं. मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

हिशेब करून पाहा. माणशी दहा लिटर धरले, तर हजार रुग्णांच्या पुड्यांना 1,100 रुपये. वाचलेले जीव 264. म्हणजे एका जिवामागे चार रुपये! तंबू, पगार, सुरुवातीचं सलाइन यांपायी खर्च शंभरपट धरला, तरी चारशेच्या आसपास.

पुढे बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका दहा वर्षं दारोदार फिरल्या आणि एक कोटीहून जास्त घरांत त्यांनी चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे घरगुती द्रावणाचं प्रमाण शिकवलं. आईच्या ते किती लक्षात राहिलं, यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे. हे मला फार मोलाचं वाटतं: पैसा शिकवण्याचा नव्हे, शिकल्याचा.

या द्रावणाने आजवर पाच कोटींहून अधिक जीव वाचवल्याचा अंदाज आहे. एखाद्या डॉक्टरने सुट्टी न घेता रोज एक जीव वाचवला, तर 40 वर्षांत होतात 14,600. पाच कोटींना असे तीन हजार चारशे जन्म लागतील. अर्थात हे यश एकट्या महालनबीसांचं नव्हे. पण करिअर निवडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हा भागाकार एकदा स्वतः करावा. ‘किती राबू’ याआधी ‘कशावर राबू’ हे विचारायला हवं.

उतारवयात महालनबीसांनी एक कोटी रुपयांची बचत कोलकात्याच्या बालरुग्णालयाला दिली. 2022 मध्ये ते गेले. पुडी आज आशाताईंच्या पिशवीत फुकट मिळते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी साधारण 61 जणांनाच ती मिळाली होती.