लाजऱ्या मुलाला लंपनची सोबत



हॉलंडमधील हूफडॉर्प हे गाव समुद्रसपाटीच्या खाली वसले आहे. पूर्वी तेथे मोठे सरोवर होते. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या यंत्रांनी पाणी उपसून ती जमीन कोरडी केली आणि मग गाव उभे राहिले. १५९८ साली ज्या डच खलाशांनी आपल्या बेटाला राजपुत्र मॉरिसचे नाव दिले, त्यांचाच हा देश. आज स्कीपोल विमानतळाजवळच्या या गावात भारतातून नोकरीसाठी आलेली बरीच कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

नोकरी आईवडिलांना मिळते, पण शाळा मुलांची बदलते. त्या देशात बारा वर्षांवरच्या नवागत मुलांना डच येत नसेल, तर आधी भाषेच्या वेगळ्या वर्गात बसवतात. तेथे कुठे ओळखी होतात, तोच नेहमीच्या शाळेत जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मूल मुळात लाजरे असले तर ते बोलणेच टाळते. याला काही येत नाही, असे वर्गाला वाटते. मुलगा शहाणा आहे, त्रास देत नाही, असे घरच्यांना वाटते. उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारे हे मूल आम्हा शिक्षकांच्या ओळखीचे आहे. आपल्या मॉरिशसच्या शाळांतही ते आहेच.

अशा मुलासाठी मराठीत एक चांगला सोबती आहे. त्याचे नाव लंपन. कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) कराडला भूगर्भशास्त्र शिकवीत. त्यांनी लंपनची चार पुस्तके लिहिली: ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००२). हे कथासंग्रह आहेत, पण ओळीने वाचले तर एका मुलाच्या वाढण्याची कादंबरीच वाचल्यासारखे वाटते.

लंपन आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या गावात आजीआजोबांकडे राहतो. तो मनातल्या मनात पुष्कळ बोलतो, तोंडाने थोडे. आईची आठवण आली तरी ती सांगणे त्याला जमत नाही. पण हळूहळू त्याला माणसे मिळतात. शाळेतले सवंगडी, गाण्याचा वर्ग आणि सुमी नावाची मैत्रीण. सुमीपुढे तर त्याची जीभ अधिकच अडखळते. तरी मैत्री होते, कारण मैत्रीला भाषण लागत नाही, रोजचा सहवास लागतो.

आम्हाला या पुस्तकांत सर्वांत मोलाची वाटते ती लंपनची भाषा. ती पुस्तकी मराठी नव्हे. तिच्यात कानडी वळणे आहेत आणि ‘मॅडसारखं’ हा त्याचा लाडका शब्द तर अर्धा इंग्रजी आहे. सीमेवरच्या घराघरांत बोलतात तशी ही सरमिसळ भाषा, आणि तिच्यातच एका मुलाचे सारे मन मावले आहे. आपली मुले मराठी बोलताना मध्येच क्रिओल शब्द आला की ओशाळतात आणि गप्प होतात. हूफडॉर्पच्या मुलांच्या बोलण्यात तसाच डच शब्द येत असेल. लंपन त्यांना न सांगता सांगतो की असे बोलणे कमी प्रतीचे नाही.

डच भाषेतही त्याचा एक भाऊ शोभेल असा मुलगा आहे. ॲमस्टरडॅमचे शाळामास्तर तेओ तैसेन यांनी १९२३ साली ‘केस दे योंगन’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातला गरिबाघरचा केस सदा स्वप्नांत रमतो आणि रोझा नावाच्या मुलीपुढे बावरतो. हूफडॉर्पच्या मराठी मुलाने घरी लंपन आणि शाळेत केस वाचला, तर दोन्ही भाषांत त्याला एकेक मित्र मिळेल.

पालकांना आमची विनंती आहे. लाजऱ्या मुलाला पाहुण्यांपुढे उभे करून गाणे म्हणायला लावू नका. रात्री जेवणानंतर ‘वनवास’मधली दोन पाने मोठ्याने वाचा. मुलाला वाचावेसे वाटले तर वाचू द्या आणि उच्चार चुकले तरी मध्ये थांबवू नका. वाचन जड वाटले तर २०२४ साली आलेली, निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘लंपन’ ही मालिका आधी दाखवा. आणि एखाद्या शनिवारी त्याच्या वर्गातल्या एकाच मुलाला घरी जेवायला बोलवा. दहा जणांच्या घोळक्यात जे मूल तोंड उघडत नाही, ते एका सोबत्याजवळ बोलू लागते, हे आम्ही वर्गात पुष्कळदा पाहिले आहे.