सूर्याहून हलक्या कृष्णविवरांचा माग

सुरतच्या बमरोलीत यंत्रमाग सुरू असले की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. ओळखीची हाक मात्र कानावर येते, कारण ती कशी असते हे कानाला आधीच ठाऊक असते. गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग, याच रीतीने शोधतात. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांची किंवा कृष्णविवरांची ‘हाक’ कशी असेल, याचे नमुने गणिताने मांडायचे आणि गोंगाटाशी ताडून पाहायचे. 1990च्या सुमारास पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी या पद्धतीचा पाया घातला.

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने अशी पहिली हाक ऐकली. ती होती सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांची.

आता शोध आहे सूर्याहून हलक्या कृष्णविवरांचा. तारा मरताना त्याचा गाभा एवढा हलका असेल, तर त्याचा श्वेत बटू होतो, कृष्णविवर नाही. म्हणजे असे एक जरी सापडले, तरी त्याचा जन्म ताऱ्यांपूर्वीचा मानावा लागेल. विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या आतच, जिथे ऊर्जा फार दाटली, तिथे कृष्णविवरे बनली असावीत, असे स्टीफन हॉकिंग यांनी 1971 मध्ये मांडले. अदृश्य कृष्णद्रव्याचा काही भाग तीच असतील का, हा प्रश्न त्यातूनच येतो.

काम अवघड आहे. 2015ची हाक सेकंदाचा पाचवा भाग टिकली. हलक्या जोडीची हाक क्षीण असते आणि कित्येक मिनिटे चालते. एवढ्या वेळात नमुना जरासा चुकला तरी जुळणी बिघडते, म्हणून नमुन्यांची संख्या प्रचंड वाढते. खात्रीची नोंद अजून मिळालेली नाही. पण ती न मिळण्यातूनही अशी कृष्णविवरे जास्तीत जास्त किती असू शकतील, याची मर्यादा ठरते.

या शोधाला मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यातून बळ मिळणार आहे. ज्योतिर्लिंगाच्या औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर; टोकांना 40 किलोचे आरसे; आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहून कमी हालचाल टिपणारा लेसर. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. दूरदूरच्या वेधशाळांनी एकच हाक ऐकली, तर ती खरी असल्याची खात्री वाढते आणि ती कुठून आली हेही नेमके कळते.

मराठवाड्यातल्या मुलामुलींनी गणिताची आणि भौतिकशास्त्राची कास धरावी. हे नमुने तयार करणारे हात उद्या त्यांचेच हवेत.