काळ्या पडद्यावरच्या करामती

सर्व्हरच्या काळ्या पडद्यावरचे नियम बघून वाटतं, विद्वानांच्या समितीने महिनोन्‌महिने खल करून ते ठरवले असावेत. छे! कुठे कीबोर्डवरची छपाई कामी आली, कुठे हवं ते नाव आधीच कुणी पळवलं होतं. घ्या सहा किस्से. प्रत्येकावर एक युक्ती फुकट!

घर कुठे? कळीवर!
१९७६च्या सुमारास बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ एडिटर लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या कीबोर्डवर ~ आणि ‘होम’ एकाच कळीवर होते. बाण होते एच, जे, के, एलवर. म्हणून आजही ~ म्हणजे आपलं होम फोल्डर, आणि व्हीआयमध्ये कर्सर फिरतो याच चार कळांनी.
*युक्ती:* ‘सीडी’पुढे स्पेस देऊन नुसतं - टाका, आधीच्या फोल्डरात परत.

दार नंबर २२
विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, म्हणून फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा. ईमेलने मागितला, दुसऱ्या दिवशी मिळालासुद्धा!
*युक्ती:* एसएसएचचं सेटिंग बदललंत? चालू सेशन तसंच ठेवून दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून पाहा. नाहीतर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर ताटकळाल.

उलटी गंगा
स्टीफन बॉर्न यांच्या १९७९च्या शेलमध्ये ‘आयएफ’ बंद होतं ‘एफआय’ने. ही उलटापालट अल्गोल ६८ भाषेतली. मग ‘डीओ’चा शेवट ‘ओडी’ का नाही? त्या नावाची कमांड युनिक्समध्ये आधीच नांदत होती! म्हणून ‘डन’.
*युक्ती:* स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल दुहेरी अवतरणात लिहा. नाहीतर फाइलच्या नावात स्पेस आली की शेल एका फाइलच्या दोन करतो.

वुडी गेला, वुडी आला
१९९८मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीच्या जागी ‘आरएम’ चालवलं आणि ‘टॉय स्टोरी २’च्या फायली धडाधड उडू लागल्या. बॅकअप? तो कधीचाच नीट चालत नव्हता. वाचवलं पिक्सारच्याच गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीने: बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत होत्या. ते मशीन ब्लँकेटात गुंडाळून ऑफिसात आणलं गेलं. गंमत म्हणजे, पुढे तो सिनेमा बराचसा नव्याने करावा लागलाच!
*युक्ती:* ‘आरएम’आधी त्याच पॅटर्नवर ‘एलएस’ चालवा. आणि बॅकअप अधूनमधून रिस्टोअर करून बघा. तोवर त्याला बॅकअप म्हणू नका.

पुण्याचे बाइट किती?
सप्टेंबर १९९२. न्यू जर्सीच्या एका डायनरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ची रचना मांडली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा-उकार धरून. म्हणजे ‘पुणे’ झालं १२ बाइटांचं!
*युक्ती:* मराठी मजकूर मोजताना ‘डब्ल्यूसी -सी’ बाइट मोजतं, ‘डब्ल्यूसी -एम’ चिन्हं.

२०३८ची सकाळ
युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजतं. ३२ बिटांच्या जुन्या घड्याळांतली जागा १९ जानेवारी २०३८ला संपेल, भारतात सकाळी ८:४४ला. त्याआधी रोजचा घोळ सांभाळा: बरेच सर्व्हर यूटीसीवर चालतात.
*युक्ती:* क्रॉनमध्ये ‘रात्री २’ लिहिण्याआधी ‘डेट’ चालवून बघा. सर्व्हर यूटीसीवर असेल, तर रात्रीचा जड बॅकअप भारतात सकाळी साडेसातला सुरू होईल.