शहाजोग

पूर्वी पेठेतल्या पेढीवर हुंडी येई, तेव्हा तिच्यातील रक्कम एकदाच लिहिलेली नसे. रुपये एक हजार असे लिहून पुढे ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट’ अशी फोड केलेली असे. कोणी आकड्यावर एखादे शून्य वाढवले, तरी निमपट आकडा त्याची लबाडी उघडी पाडी. शहाजोग हुंडीचे पैसे तर पेठेत पत असलेल्या, ओळखीच्या सावकारालाच मिळत. आलेला मनुष्य कोण, त्याला ओळखतो कोण, याची खात्री पटेपर्यंत रोकड हलत नसे. या चौकशीचा कोणाला राग येत नसे. ती व्यवहाराची रीतच होती.

पुढे मराठीत या शब्दाचा अर्थ फिरला. आज ‘शहाजोग’ म्हणजे सभ्यपणाचा आव आणणारा. मोबाईलवरून गंडा घालणारा भामटा या दुसऱ्या अर्थाने शहाजोग असतो, आणि त्याच्यापासून बचाव होतो तो पहिल्या अर्थातील चौकशीनेच.

व्यापारी पेढीला सर्वांत अधिक धोका असतो तो बदललेल्या खात्याच्या निरोपाचा. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडून माल येतो, त्यांच्याच नावाने ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर बीजक येते. छापील नाव तेच, जीएसटी क्रमांक तोच, मालाचा तपशीलही बरोबर. बदललेला असतो तो केवळ बँकेचा खाते क्रमांक. पुष्कळदा दोहोंपैकी एका पेढीच्या ई-मेलचा पासवर्ड चोरून, खरा पत्रव्यवहार वाचूनच असे बीजक तयार केलेले असते. त्यामुळे त्यात वरवर खोट दिसत नाही. अशा वेळी पुरवठादाराचा जो क्रमांक वहीत आधीपासून नोंदलेला आहे, त्यावर स्वतः फोन करावा आणि परिचित आवाजाकडून खातरजमा करून घ्यावी. निरोपात दिलेल्या क्रमांकावर फोन केल्यास उत्तर भामट्याकडूनच येणार.

दुकानाच्या गल्ल्यावर युक्ती निराळी असते. गर्दीच्या वेळी ग्राहक पडद्यावरची हिरवी खूण दाखवतो आणि माल घेऊन निघून जातो. ती खूण बनावट ॲपमधली असते. कधी ‘चुकून जास्त रक्कम आली, परत करा’ असा काकुळतीचा फोन येतो, आणि आधारासाठी बँकेच्या नावाचा खोटा संदेशही येतो. रक्कम जमा झाली किंवा नाही, हे स्वतःच्या खात्यातच पाहावे. दुसऱ्याचा पडदा हा पुरावा नव्हे. यूपीआयने पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकायला सांगितला, म्हणजे पैसे जाणार आहेत, हे दुकानातील नवख्या नोकरालाही ठाऊक असावे. दुकान उघडताना क्यूआर कोडवर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हेही पाहावे.

तिसरा प्रकार घरात शिरतो. दुपारची वेळ, मंडळी दुकानात, घरी आजोबा एकटे. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातील मनुष्य दिसतो, मागे कार्यालयाचा देखावा असतो. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. कॉल बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, पडताळणीसाठी रक्कम या खात्यावर पाठवा.’ आयुष्यभर कायद्याला भिऊन, हिशेब चोख ठेवून वागलेला मनुष्य या धमकीला अधिक लवकर बळी पडतो, कारण अब्रू हीच त्याची खरी पुंजी असते. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनीही हे स्पष्ट केले होते. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही आणि पैसेही मागत नाही.

या तिन्ही सोंगांत दोन खुणा पुनःपुन्हा दिसतात: घाई आणि गुप्तता. म्हणून प्रत्येक घराने दोन नियम करावेत. ठरावीक रकमेपुढील कोणताही नवा व्यवहार दुसऱ्या व्यक्तीच्या नजरेखालून गेल्याशिवाय करू नये. आणि ‘कोणाला सांगू नका’ असे कोणी म्हटले, की तत्क्षणी फोन ठेवून घरच्यांना सांगावे.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर वेळ दवडू नये. १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही खबर द्यावी. चोरलेली रक्कम एका खात्यातून अनेक खात्यांत वेगाने फिरवली जाते. ती वाटेत असतानाच कळवले, तर अडवता येण्याचा संभव असतो. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने असे ठरवून दिले की, ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. पिन वा ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान मात्र त्यालाच सोसावे लागेल, असेही त्या परिपत्रकात म्हटले होते. दोन्ही बाबतींत तत्परता महत्त्वाची.

घरातील तरुणांनाही एक गोष्ट समजावून सांगणे अगत्याचे आहे. ‘खाते वापरायला द्या, कमिशन घ्या’ या प्रलोभनामागे चोरीचा पैसा फिरवण्याचा बेत असतो. असे खाते गोठवले जाते आणि पोलिसांची चौकशी दारात येते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेले घेणे, हा अतिचार स्वतंत्रपणे सांगितला आहे. खाते भाड्याने देणे यापासून फार दूर नाही.

फसलेली कितीतरी माणसे पेठेत हसे होईल, या भीतीने गप्प राहतात, आणि मोलाचे तास त्यातच जातात. घरातील कोणी चूक कबूल केली, तर ‘एवढेही कळले नाही का?’ हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारू नये. आधी फोन लावावा. येत्या दिवाळीत वहीपूजन होईल, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुरवठादारांचे खातरजमा केलेले फोन क्रमांक उतरवून घ्यावेत, आणि त्यांच्या वर ठळक अक्षरांत लिहावे: १९३०.