पाण्यात अजून मार्चच असतो

मे महिन्याच्या शेवटी शिकागोत पारा अधूनमधून 30 अंशांपर्यंत चढतो. किनारे पोहणाऱ्यांसाठी नुकतेच खुले झालेले असतात, वाळूत पाय ठेवायला जागा नसते आणि समोर मिशिगन सरोवर निळंशार पसरलेलं असतं. इतकं मोठं, की पलीकडचा काठ दिसत नाही. त्या पाण्याचं तापमान मात्र तेव्हा 12-13 अंश असतं, कधी त्याहूनही कमी. हवेत उन्हाळा आलेला असतो, पाण्यात अजून मार्चच असतो.

एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तीन हजारांहून अधिक घनमीटर हवा एका अंशाने तापते. आणि हे सरोवर सरासरी 85 मीटर खोल, सर्वांत खोल जागी 281 मीटर! त्यामुळे सूर्य जूनमध्ये सर्वांत वर असला, तरी पाणी सर्वांत उबदार होतं ऑगस्टमध्ये, 21-22 अंशांच्या आसपास. सप्टेंबरच्या एखाद्या सौम्य दुपारी पाणी मेमधल्या रणरणत्या दुपारपेक्षा कितीतरी सुखाचं असतं.

पण हा उशीर म्हणजे गोष्टीचा सोपा भाग. खरी नवलाई आहे 4 अंशांत. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात, जड होत जातात. पाणी 4 अंशांपर्यंत तसंच वागतं आणि तिथून पुढे उलट फिरतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊ लागतं. म्हणून सरोवर तळापासून न गोठता वरून गोठतं आणि खाली मासे जगतात.

वसंतात याच गुणातून एक विलक्षण प्रकार घडतो. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आधी तापतं, 5-6 अंशांवर जातं. आतलं खोल पाणी अजून 2-3 अंशांवरच असतं. ही दोन पाणी जिथे भेटतात, तिथे त्यांच्या मिश्रणाचं तापमान नेमकं 4 अंशांवर येतं. म्हणजे ते मिश्रण दोघांपेक्षाही जड! ते सरळ खाली बुडतं, त्याची जागा घ्यायला दोन्हीकडून पाणी येतं, तेही मिसळतं आणि बुडतं. सगळ्या सरोवराला आतून वेढणारी, निव्वळ पाण्याची एक भिंत उभी राहते. किनाऱ्याचं ऊबदार पाणी अलीकडे, हिवाळ्याचं पाणी पलीकडे. ही भिंत आठवडेच्या आठवडे टिकते, हळूहळू मध्याकडे सरकते आणि विरून जाते. फ्रान्स्वा फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच जिनिव्हाच्या सरोवरात ती ओळखली होती. कुठलाही अडसर नसताना पाण्याने पाण्याला अडवून धरावं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

जुलैपर्यंत सरोवराचे थर पडतात. वर काही मीटरांचं उबदार पाणी, खाली तळापर्यंत 4-5 अंशांचं. मध्ये एक पातळ पट्टा, जिथे थोड्याच मीटरांत तापमान झपाट्याने कोसळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारणाऱ्याला हा फरक पायाच्या अंगठ्याला कळतो. इथे तो कितीतरी तीव्र आहे, आणि तो पट्टा जागचा हलतो.

हलवतो वारा. 1893 ते 1896 या काळात नॉर्वेचा संशोधक नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज आर्क्टिकच्या बर्फात वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता त्याच्या उजवीकडे कललेला जातो, हे त्याने टिपलं. कारण पृथ्वीचं फिरणं. एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं. आता तेच मिशिगनला लावा. शिकागो पश्चिम काठावर. दक्षिणेकडून उष्ण वारा सुटला, की पृष्ठभागाचं उबदार पाणी उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, काठापासून दूर ढकललं जातं. ती जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं. काल 21 अंश असलेलं पाणी आज 11-12 असू शकतं, आणि तेही आकाश निरभ्र असताना. अंगाची लाही करणारा वाराच पाणी गोठवणारं करतो!

हे शरीराला समजत नाही. 15 अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरलं, की त्वचेला बसलेल्या धक्क्याने माणूस मोठ्याने श्वास आत ओढतो. ते त्याच्या हातात नसतं. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. म्हणून विहिरीत मुटका मारत वाढलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही इथे धोका आहे. गॉर्डन गिसब्रेक्ट या कॅनडातल्या संशोधकाने बर्फासारख्या पाण्यासाठी सांगितलेला हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय कामाचे असतात तोवर 10 मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण 1 तास. गार पाण्यातली बरीच माणसं त्या तासापर्यंत पोहोचतच नाहीत. ती पहिल्या काही मिनिटांत बुडतात.

खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना किमान 16 अंशांची अट आहे, आणि तिथे तयारीचे खेळाडू असतात, सोबत बचावनौका असतात. शर्यतींचे तलाव 25 ते 28 अंशांवर ठेवतात. आपल्या मनातलं ‘पोहण्याचं पाणी’ त्याच्याच जवळचं असतं.

मेमध्ये लेकीकडे किंवा मुलाकडे शिकागोला, मिलवॉकीला जाणारे आईबाबा आता कमी नाहीत. नातवंडांना घेऊन सरोवरावर जरूर जा. पण निघताना हवेचा आकडा पाहून थांबू नका. पाण्याचा आकडा वेगळा पाहा, तो तरंगत्या मापकांवरून रोज मिळतो. 15 च्या खाली असेल तर घोट्यापर्यंतच. त्याहून वर असला तरी सूर मारू नका, चालत उतरा, तोंडावर पाणी घ्या, श्वास लागला तर थांबा. लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊच नका, आणि बांधीव धक्क्यांच्या कडेने ओढ जोरात असते, तिथे कधीच नको. चुकून कोणी पडलंच, तर त्याला आधी पोहायला नव्हे, पाठीवर तरंगायला सांगा. ते पहिलं मिनिट निघालं, की पुढचं जमतं.