राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करताना

राउटरच्या फ्लॅश स्मृतीत साठवलेली आणि उपकरण सुरू होताच त्याचा ताबा घेणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. तिच्यातील त्रुटी वेळीच दूर न केल्यास २०१८ साली ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत आढळलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’सारख्या घातक आज्ञावलीला शिरकाव करता येतो. नवी फाइल उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवरील मॉडेल क्रमांकाबरोबरच ‘व्ही२’, ‘व्ही३’ अशी छापलेली हार्डवेअर आवृत्तीही ताडून पाहावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतील चिप भिन्न असू शकते. सेटिंगची प्रत आधी जतन करून संगणक लॅन केबलने जोडावा. फ्लॅश स्मृतीत लेखन चालू असताना वीज गेल्यास राउटर निकामी होऊ शकतो. म्हणून तो यूपीएसवर ठेवावा आणि आपोआप पुन्हा सुरू होईपर्यंत बंद करू नये.